तिघांचे एकमत झाले, म्हणून

मी, हाईम बिन्यामीन झिराडकर, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, धर्म यहुदी, समाज बेने इस्राएल, धंदा पूर्वी सुतारकाम आणि हल्ली आयर्लंडमध्ये मुलाच्या घरी खिडकीत बसणे, कायम राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. छातीत धडधडते, झोप धड लागत नाही, गॅस बंद केला का हे मी पुन्हा पुन्हा उठून बघतो, आणि या घरात गॅसच नाही, विजेची शेगडी आहे, हे ठाऊक असूनही बघतो. पण याला वेड म्हणत नाहीत. इथल्या डॉक्टरबाईंनी फोनवर मला वार, महिना आणि देशाचा पंतप्रधान विचारला. मी तिन्ही बरोबर सांगितले, मधल्या काळात यांचा पंतप्रधान बदलला होता तरी.

हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आहे ते दुसऱ्या एका कागदावर सही करण्यासाठी. तो कागद टेबलाच्या खणात आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहिताना मागेपुढे झाले असेल तर वाचणाऱ्याने अर्थ धरावा.

मिळकतीचे वर्णन. रेवदंड्याचे घर, दोन खोल्या, पडवी, मागे विहीर आणि माडाची झाडे. स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही, म्हणून त्याचे काय करायचे हे सांगण्याचा अधिकार माझा एकट्याचा. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस वाडी, पश्चिमेस समुद्राकडे जाणारी पायवाट, उत्तरेस प्रल्हाद. खरे तर प्रल्हादची भिंत असे लिहायला हवे. पण ती भिंत दर वेळी डागडुजी केली की थोडी माझ्या बाजूला सरकते, म्हणून मी माणसाचेच नाव घातले. माणूस तरी एका जागी सापडतो. प्रल्हाद पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो आणि त्याला माझी जागा पाहिजे आहे.

माझी पत्नी रिबका वारली. गावाबाहेर उतारावर आमची दफनभूमी आहे, तिथे ती आहे. तिच्या शेजारची जागा माझी. मशिदीच्या मुकादमाशी, म्हणजे प्रमुखाशी, तसे बोलणे झालेले आहे. (आम्ही बेने इस्राएल लोक आमच्या सिनेगॉगला मशीदच म्हणतो. परक्या वाचणाऱ्याने गोंधळू नये.) तिच्या वर्षदिवसाला मी घरून चालत जातो, गवत काढतो, दिवा लावतो. घर गेले तर गावात टेकायला जागा नाही, मग तिच्याकडे कोणी जाणार नाही. मुद्दा एवढाच आहे. बाकी सगळे या मुद्द्याच्या भोवती आहे.

मला तीन मुले. थोरला एली, इथे नास गावात असतो, चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. मधली नाओमी, अश्दोदला, इस्राएलमध्ये. धाकटा जोएल, ठाण्याला. एलीची पत्नी कौमुदी पुण्याची, आमच्यातली नाही. लग्नाच्या वेळी यावर बरेच बोलणे झाले होते. ते मी आता मागे घेतो, हेही इथे नमूद करतो.

मी फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये इथे तीन महिन्यांसाठी आलो. बॅगेत तीन महिन्यांच्याच गोळ्या होत्या. मग सगळे बंद झाले. विमाने बंद, दुकाने बंद, घरापासून अमुक किलोमीटरच्या पुढे जायचे नाही. माझा व्हिसा सरकारने आपणहून वाढवला, मला न विचारता, आणि मग परत वाढवला. कोणी मला कोंडून ठेवले असे म्हणता येत नाही. दार उघडेच असते. बाहेर फक्त जायला कुठे नसते. माझ्या खिडकीतून वसाहतीच्या मागचे कुरण दिसते. तिथे एक घोडा उभा असतो, अंगावर ब्लँकेट. या भागात शर्यतीचे घोडे पुष्कळ, पण हा धावताना मी एकदाही पाहिलेला नाही.

जूनमध्ये कोकणात वादळ आले. रेवदंड्याच्या घराची कौले उडाली. मी इथे बसून जोएलने फोनवर पाठवलेल्या फोटोंत ती पाहिली. प्रल्हादने छपरावर ताडपत्री घातली. मला कोणी विचारले नाही, पण पावसात विचारायला वेळ नसतो, हे मी समजतो.

त्यानंतर एका रविवारी तिघांनी व्हिडिओवर बैठक घेतली. मला मधोमध बसवले, समोर टॅब्लेट. एली म्हणाला, "छप्पर गेलंय, तिथली परिस्थिती ही अशी, पप्पांचं वय. मला वाटतं घर काढावं आणि पप्पांनी इथेच राहावं, कायमचं. नाओमी?"

"हो रे, माझं तेच मत."

"माझं तर कधीपासूनचं आहे," जोएल म्हणाला. "प्रल्हादशेठ आजच्या आज तयार आहे."

मग मी बोललो. बराच वेळ बोललो. रिबकाबद्दल बोललो, विहिरीच्या रहाटाबद्दल बोललो, पडवीचे खांब मी स्वतः तासले त्याबद्दल बोललो. मला वाटले, चांगले बोलतोय. मुले शांतपणे ऐकतायत. माझे संपल्यावर एली म्हणाला, "पप्पा, तुम्ही म्यूटवर आहात."

आणि जोएल म्हणाला, "राहू दे रे, चेहऱ्यावरून कळलं. हो म्हणतायत."

पुढच्या आठवड्यात एलीने मुखत्यारपत्र छापून आणले. त्यावर माझी सही झाली, तर जोएल माझ्या वतीने घर विकू शकतो. खणात आहे तो हाच कागद.

आता जे लिहितो ते वकिलांना अस्थानी वाटेल, पण माझ्या मते हाच या मृत्युपत्राचा कायदा आहे. मी लहान असताना मशिदीत एक म्हातारे खजान होते, म्हणजे प्रार्थना चालवणारे. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी ते आम्हा पोरांना यरुशलेमच्या जुन्या न्यायसभेबद्दल सांगत. जिवाच्या खटल्याला तेवीस न्यायाधीश अर्धगोलात बसत. मत विचारायचे ते सगळ्यात धाकट्यापासून, म्हणजे थोरल्याचे ऐकून कोणी आपले मत बदलू नये. निर्दोष म्हणायचे तर त्याच दिवशी म्हणता येई, दोषी म्हणायचे तर रात्र मध्ये जाऊ द्यावी लागे. आणि सगळ्यात नवलाचा नियम असा की तेवीसच्या तेवीस जण दोषी म्हणाले तर आरोपी सुटत असे. का? तर तेवीस शहाण्या माणसांत एकालाही त्याच्या बाजूने एक शब्द सुचला नाही, म्हणजे त्याच्यासाठी कोणी डोके चालवलेच नाही. तो न्याय नव्हे, ती घाई.

निकाल लागल्यावरही दाराशी एक माणूस हातात रुमाल घेऊन उभा असे आणि दूर, जिथून तो दिसेल तिथे, एक घोडेस्वार. आरोपीला नेत असताना कोणी म्हणाले की मला याच्या बाजूने बोलायचे आहे, तर दारातला माणूस रुमाल हलवी आणि स्वार घोडा फेकत जाऊन त्याला परत आणी.

पुढच्या रविवारी मी हे मुलांना सांगितले. आधी एलीकडून म्यूट काढून घेतले. म्हणालो, "तुम्ही तिघे एकमताने बोललात. थोरल्याला आधी विचारलंत. दुपारच्या चहाच्या आत निकाल दिलात. त्या नियमाने मी सुटलो."

जोएल हसला. "पप्पा, ही घराची केस आहे, फाशीची नाही."

"ते तू ठरवू नकोस. ज्याला फाशी आहे त्याला विचार."

नाओमी पेरू कापत होती. ती म्हणाली, "बरं, मग मी विरोधात. घर विकू नका. झालं? आता दोन विरुद्ध एक. करा सही."

सगळे हसले. ती मनाने वाईट नाही. पण मी हसलो नाही, कारण खजानसाहेबांनी त्याच दुपारी पुढचा भागही सांगितला होता. तो शास्त्रातला की त्यांच्या मनचा, हे मला ठाऊक नाही. मी मुलांना सांगितला तसाच इथे लिहितो.

त्या सभेचे शेवटचे दिवस आले होते. मुख्य याजकाची जागा विकत मिळू लागली होती. अशाच एका याजकाच्या मळ्याला लागून एका कुंभाराची जमीन होती. याजकाने त्याच्यावर देवनिंदेचा आळ घेतला. खटल्याच्या आदल्या संध्याकाळी तेवीस न्यायाधीश याजकाकडे जेवले आणि जेवतानाच निकाल ठरला. तेव्हा एक जण म्हणाला, "सगळे दोषी म्हणालो तर तो सुटेल." म्हणून त्यांनी आपल्यातल्या सगळ्यात धाकट्याला सांगितले, "तू निर्दोष म्हण." दुसऱ्या दिवशी तो उठला, निर्दोष म्हणाला आणि खाली बसला. कारण दिले नाही, कोणी विचारले नाही. बावीस विरुद्ध एक. नियम सगळे पाळले गेले. मध्ये रात्रसुद्धा जाऊ दिली. कुंभाराला नेताना त्याची बायको ओरडली, "मला बोलायचंय!" दाराशी रुमालवाला होताच. पण त्याला याजकाने आदल्या दिवशी नवा रेशमी रुमाल बक्षीस दिला होता. तो चुरगळेल म्हणून त्याने घडी मोडली नाही. घोडा तिकडे उभाच राहिला.

खजानसाहेबांनी आम्हाला विचारले होते, यात सगळ्यात मोठा पापी कोण? आम्ही ओरडलो, याजक! ते म्हणाले, "नाही. जो निर्दोष म्हणाला तो."

इथे माझी गोष्ट संपली.

"म्हणजे तो मी?" नाओमी म्हणाली.

"मी नाव घेतलं नाही."

"घेतलंत, पप्पा." तिने सुरी खाली ठेवली.

एली म्हणाला, "गोष्ट चांगली आहे. पण गोष्टीनं छप्पर शाकारलं जात नाही."

छपराची काळजी मलाच सगळ्यात जास्त आहे. मी टेबलावर बोटाने रेघा ओढत बसलो. तेवढ्यात कौमुदी बोलली. ती इस्पितळातली पाळी संपवून आली होती आणि ताटल्या पुसून प्रेसमध्ये लावत होती. प्रेस म्हणजे इथे भिंतीतले कपाट. ओला फडका हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

"वहिनी, हे आमचं तिघांचं आहे," जोएल म्हणाला.

"म्हणूनच बोलते. तुमच्या तिघांत कोणी बोलेना. जोएल, छप्पर तू जाऊन बघितलंस?"

"फोटो आलेत ना."

"कोणी पाठवले?"

"प्रल्हादशेठनं."

"आणि दर शुक्रवारी तू ग्रुपवर ज्या पापलेटांचे फोटो टाकतोस, ती कोण पाठवतं?"

"तोच. अगं, प्रेमानं पाठवतो."

"कधीपासून?"

"वादळापासून."

नाओमीला हसू फुटले. "जोएल! तू मासे खाऊन मत देतोयस?"

"ताजी असतात गं!"

"तुझं तरी काय वेगळं," कौमुदी नाओमीला म्हणाली, "तू तर मासेही न खाता दिलंस." मग ती एलीकडे वळली. "आणि तू. थर्मोस्टॅट कितीवर ठेवायचा हे तू त्यांना विचारतोस. हे विचारलं नाहीस. विकायचंच असेल तर आधी त्यांना एकदा पडवीत नेऊन उभं कर. ते तिथे उभे राहून हो म्हणाले तर मीच पेन देईन."

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत वकील केला नाही. त्या दिवशी मला वकील मिळाला, फी न घेता, आणि तिच्या हातातला फडका ओला होता.

त्या दिवशी काही ठरले नाही. मला वाटले, संपले. पण काल एलीने चहा देताना हळूच सांगितले, "पप्पा, प्रल्हादशेठ मार्चअखेरपर्यंत थांबतो म्हणतोय. पुढे नाही." त्याने माझ्याकडे बघितले नाही. तो माझा तिरस्कार करत नाही, त्याला फक्त हे संपवायचे आहे. तोही या घरात कोंडलेलाच आहे, माझ्यासकट.

म्हणून मार्च संपायच्या आत मी पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

घर. मुखत्यारपत्रावर मी सही करणार नाही. माझ्यामागे घर एली, नाओमी, जोएल आणि कौमुदी या चौघांना समान. ते विकायचे झाल्यास तिन्ही मुलांनी रेवदंड्याला प्रत्यक्ष जावे, टॅब्लेटवर नाही, आणि एक रात्र त्या छपराखाली झोपावे, गळत असेल तर भांडी लावून. सकाळी पडवीत बसावे. आधी जोएलला विचारावे, मग नाओमीला, शेवटी एलीला. तिघेही विका म्हणाले तर घर विकू नये आणि पुढचे एक वर्ष तो विषय काढू नये. विकायला एकाचा विरोध लागेल, आणि विरोध करणाऱ्याने कारणे दिली पाहिजेत, मनापासून, चहा गार होईपर्यंत तरी. तो विरोध खरा की दाखवायचा, हे कौमुदी सांगेल. तिचा शब्द शेवटचा. खरे बोलणे झाल्यावरही बाकीच्या दोघांना विकावेसे वाटले तर खुशाल विकावे. माझी तक्रार राहणार नाही. माझी तक्रार विकण्याबद्दल नव्हतीच. हे कायद्यात बसते का मला माहीत नाही. इथला माझा मित्र सलील, त्याला विचारले, तो म्हणाला, "काका, वकील खूश होतील." मी घाबरलो, पण खोडले नाही.

प्रल्हादची ताडपत्री धुऊन, वाळवून, घडी घालून त्याला परत करावी. वादळात तो धावून आला, त्याबद्दल त्याला माझा नमस्कार सांगावा. भिंतीबद्दलही सांगावे.

हत्यारे. मोठा रंधा एलीला. तो काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नये, पाते गंजते. गुण्या जोएलला, म्हणजे उत्तरेची भिंत काटकोनात आहे का ते त्याला स्वतः जाऊन बघता येईल, फोटो मागवावे लागणार नाहीत. नाओमीला तिच्या आईची विळी आणि बसायचा पाट. पोरी, तू रागावली आहेस, फोन कमी करतेस. तू पापी नाहीस. तू घाईत होतीस. विळीवर बसून कापायला वेळ लागतो, म्हणून देतो.

बँकेत जे असेल त्यातून आधी छप्पर करावे. उरले तर मशिदीच्या दिव्याच्या तेलाला.

माझा देह. याची मला फार काळजी वाटते, म्हणून नीट लिहितो. आमच्यात माणसाला ताटकळत ठेवत नाहीत, लवकर पुरतात. तेव्हा इथे गेलो तर विमानाची वाट बघू नये. डब्लिनला यहुदी दफनभूमी आहे असे कळते, तिथे ठेवावे. प्रार्थनेला दहा पुरुष जमू देत नसतील तर जमतील तेवढे. पण रिबकाच्या शेजारची जागा कोणाला देऊ नये. रिकामी राहिली तरी चालेल. तिचे गवत काढताना माझ्याही जागेचे काढावे.

हे मी गेलो तर. मी अजून गेलेलो नाही. विमाने सुरू झाली की मला रेवदंड्याला पोचवावे, ही विनंती मृत्युपत्रात बसत नाही हे सलीलने सांगितले. तरी लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिली तर म्यूटवर राहील.

शेवटचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी कौमुदीला नेमतो. ती आमच्यातली नाही असे कोणी म्हणाल्यास त्याला वरची सगळी पाने पुन्हा वाचायला लावावीत. रेवदंड्याच्या लोखंडी कपाटात, सर्वांत वरच्या फळीवर, रिबकाच्या लग्नातला पांढरा रेशमी रुमाल आहे. शब्बाथच्या भाकरीवर घालायला तिच्या आईने दिला होता. चांगला आहे, खराब होईल, म्हणून तिने तो जन्मभर ठेवणीत ठेवला. तो कौमुदीला. मुली, तो तू ठेवणीत ठेवायचा नाहीस. घडी मोड. त्याने ताटल्या पूस, भाकरी झाक, काहीही कर. आणि या घरात किंवा त्या घरात कोणाबद्दल सगळ्यांचे फार लवकर एकमत होत असेल, तर तो हातात घेऊन दारात ये.

सही करताना मी खिडकीच्या आत होतो आणि दोन्ही साक्षीदार बाहेर बागेत, एकमेकांपासून अंतर ठेवून. मी कागद काचेला लावून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. माझी सही थरथरली आहे ती थंडीने, कारण त्यांच्या सह्यांसाठी खिडकी उघडावी लागली. साक्षीदार नात्यातले किंवा वारसांपैकी नसावेत, हे इथल्या कायद्यात आणि आमच्या जुन्या कायद्यात सारखेच आहे, त्यामुळे मला जरा धीर आला. शेजारच्या डेक्लनला मराठी येत नाही. त्याने फक्त विचारले की हे तुमचे स्वतःचे आहे ना. मी हो म्हणालो. तो "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, आणि सही केली. मला या देशात एवढ्या सरळपणे दुसऱ्या कोणी विचारले नव्हते.

सही: हाईम बिन्यामीन झिराडकर

साक्षीदार पहिला: सलील, मित्र, राहणार नास
साक्षीदार दुसरा: डेक्लन, शेजारी, डाव्या हाताचे घर

दिनांक: २८ मार्च २०२१, रविवार, बैठकीच्या आधी
मुक्काम: नास, काउंटी किल्डेअर, आयर्लंड, तूर्त
पत्ता: रेवदंडा